सात तांबडे ठिपके

दिवाळी सरली की कोल्हापुरात गुळाचा वास येतो. नदीकाठची गुऱ्हाळं पेटतात, चुलवाणांचा धूर सकाळच्या धुक्यात उतरतो, आणि ज्या पेठांत उसाचं कांडंही दिसत नाही तिथेसुद्धा तो गोड, थोडा करपलेला वास घरात शिरून बसतो. माझ्या वर्गातल्या मुलींचं मग फळ्याकडे लक्ष राहत नाही. कुणाच्या तरी मामाच्या मळ्यात काकवी प्यायला जायचे बेत ठरतात. "बाई, तुम्ही पण चला की," म्हणून दरवर्षी आग्रह होतो. मी जात नाही. मला पित्ताचा त्रास आहे असं सांगते. मुलींना ते खरं वाटतं. माझ्यावर लोकांचा पटकन विश्वास बसतो, हे मला फार पूर्वीच कळलेलं आहे.

गुळाला आणखी एक वास असतो. नासका, काळा गूळ मडक्यात भिजत घालून मडकं चार दिवस उकिरड्यात पुरून ठेवलं की येतो तो. आंबट, डोक्यात जाणारा. तो मी पहिल्यांदा घेतला त्या वर्षी मी एकवीस वर्षांची होते, कॉलेजच्या शेवटच्या वर्गात. संस्थान विलीन होऊन थोडाच काळ झाला होता आणि दारूबंदी नवी होती.

आम्हाला मानसशास्त्र शिकवणारे सर परगावाहून आलेले होते. चाळिशीचे, खादीचा सदरा घालणारे, बोलताना डोळे मिटून घेणारे. त्यांचं म्हणणं असं, की मनाच्या दुखण्यांचा अभ्यास होतो तो शहरातल्या शिकलेल्या माणसांचा. ज्यांच्या दारात साधा डॉक्टर जात नाही, त्यांना झोप येते का, भीती कशाची वाटते, ते दारू का पितात, हे कुणी विचारलेलंच नाही. हे ते इतकं कळवळून सांगत की वर्गात टाचणी पडली तरी ऐकू यावी. त्यांनी असा अभ्यास करायचं ठरवलं आणि मदतीला मला घेतलं. माझं अक्षर चांगलं होतं आणि चित्रकलेचा हात चांगला होता. घरी आई नको म्हणत होती. वडील शाळामास्तर; ते म्हणाले, लोकांच्या उपयोगाचं काम आहे, जाऊ दे.

वस्ती होती कळंब्याच्या वाटेला, दगडाच्या खाणीशेजारी. खाणमाळ म्हणायचे. पन्नास-साठ झोपड्या, एक विहीर, एक चिंच. बाया-पुरुष सगळे दगड फोडायचे. पहिल्या दिवशी सर चिंचेखाली जमिनीवर बसले आणि म्हणाले, काय विचारायचं ते आम्ही ठरवून आलेलो नाही, तुम्हीच सांगा. असं त्या लोकांना आजवर कुणी म्हटलं नसावं. मग म्हादबा नावाचा त्यांच्यातला वडीलधारा म्हणाला, "पावणं, इचारून झालं की तुमी जाणार. मग आमी काय करायचं?"

सरांनी खोटं आश्वासन दिलं नाही. ते म्हणाले, मी हे सगळं लिहून सरकारपुढे ठेवीन, दवाखाना यावा म्हणून खटपट करीन, पण येईलच असं सांगत नाही. तो खरेपणा लोकांना आवडला. मागून एक बाई उठून उभी राहिली. पंचेचाळिशीची, काटक, एका डोळ्यात फूल पडलेलं. खाणीतली कपची लागून तो डोळा गेला होता. ती हौसाक्का, वस्तीची सुईण. ती म्हणाली, "झोप लागती का इचारा. आनि निजल्यावर हात थांबत्यात का, त्ये बी इचारा."

सरांना कळेना. तेव्हा तिनं समजावून सांगितलं. दिवसभर घण मारून माणूस अंथरुणाला पाठ टेकतो, पण हात मारतच राहतात. आपोआप उचलतात. शेजारी निजलेल्या पोराला लागतात. ते थांबावेत म्हणून माणूस पितो, आणि बायाही पितात, लपून. सरांनी डोळे मिटून ऐकलं आणि तो प्रश्न तिच्याच शब्दांत वहीत सगळ्यात वर लिहून घेतला.

त्या दिवसापासून हौसाक्का माझ्याबरोबर दारोदार फिरू लागली. तिच्याशिवाय मला कुणी उंबऱ्याच्या आत घेतलं नसतं. या वस्तीतलं निम्मं माणूस तिच्या हातावर जन्मलेलं. ती दारात उभी राहून आत हाक मारायची, मी कोण ते सांगायची, आणि वर म्हणायची की या पोरीला सांगितलेलं बाहेर जाणार नाही, त्याला मी जामीन. मग लोक बोलायचे, आणि एकदा बोलू लागले की थांबायचे नाहीत. एका म्हाताऱ्याचा मुलगा दगडाखाली गेला होता, त्याला खाणीत उतरताना रोज लघवी व्हायची. हे त्यानं बायकोलाही सांगितलेलं नव्हतं. एक सून विहिरीवर गेली की आत बघायची नाही, कारण आत बघितलं की उडी मारावीशी वाटायची. हे सगळं मी सुवाच्य अक्षरात लिहीत होते, आणि खरं सांगायचं तर मला ते दिवस फार आवडत होते. घरी परतताना मी स्वतःशीच हसत असे. दुसऱ्याच्या दुःखाची वही भरत चालली की आपल्याला आपण चांगले वाटू लागतो.

रखमा सांगायला तयार नव्हती. तिचा नवरा खाणीत पाय मोडून घरी बसलेला, आणि ती झोपडीच्या मागे दारू गाळून विकायची. पोटात मूल होतं, चौथा महिना. दोनदा ती मला बघून आत निघून गेली. तिसऱ्यांदा हौसाक्कानं तिचा हात धरला आणि म्हणाली, "सांग की गं. दवाखाना आला तर तुज्याच बाळतपनाला हुईल." तेव्हा रखमानं मला मागे नेऊन मडकं दाखवलं. म्हणाली, ज्या दिवशी मी हे नासकं उकळते त्या दिवशी मला माझीच किळस येते, आणि त्या दिवशी मी पण दोन घोट घेते. हे मी लिहिलं. आणखी सहा घरांत असंच काही सापडलं. तेही लिहिलं.

वहीत नावं नसावीत असा सरांचा कडक नियम होता. प्रत्येक घराला आकडा. नाव लिहिलेला एक चिटोराही त्यांनी राहू दिला नाही. माझ्यादेखत फाडून टाकला. पण कुठल्या भागात दुखणं जास्त आहे ते दिसावं म्हणून वस्तीचा नकाशा हवा होता, आणि तो मी काढला. चार दिवस आम्ही माप घेत होतो. दोरीचं एक टोक माझ्या हातात, दुसरं हौसाक्काच्या. विहिरीपासून चिंच किती हात, चिंचेपासून कुठली झोपडी किती हात. सगळी वस्ती बघत होती, पोरं दोरीवरून उड्या मारत होती. घरी बसून मी तो जाड कागदावर उतरवला. झोपड्या काळ्या शाईनं. जिथे झोप नाही तिथे निळा ठिपका, जिथे पितात तिथे पिवळा, आणि जिथे गाळतात तिथे तांबडा. तांबडे सात. विहिरीला पाण्याच्या रेघा काढल्या, चिंचेला पानं काढली. एकही नाव नव्हतं. नावाची गरजच नव्हती. आंधळ्यालाही विहिरीपासून मोजत त्या सात दारांत जाता आलं असतं, इतका तो नकाशा चोख होता.

संक्रांतीनंतर कॉलेजचं गॅदरिंग झालं, आणि त्यात प्रदर्शन. सरांनी आमचं काम मांडलं, मधोमध माझा नकाशा. पाहुणे म्हणून एक बडे अधिकारी आले होते. ते नकाशापुढे थांबले. खाली रंगांचा खुलासा लिहिलेला होता तो त्यांनी वाकून वाचला. हा कुणी काढला, असं त्यांनी विचारलं आणि मला पुढे बोलावलं गेलं. ते म्हणाले, "आमच्या खात्यात पगार घेऊन काम करतात त्यांना असा नकाशा येत नाही." सगळे हसले. मी लाजले. त्यांनी चार दिवसांसाठी तो मागून घेतला आणि सरांनी दिला. दिला म्हणण्यापेक्षा, मीच तो खिळ्यावरून काढला, गुंडाळला आणि फीत बांधून त्यांच्या हातात ठेवला. मला बक्षीस म्हणून फाउंटन पेन मिळालं.

त्यानंतर आठवड्याभरात, सकाळी माणसं खाणीवर गेलेली असताना खाणमाळावर पोलिस आले. ते सात दारांत गेले. आठवं दार त्यांनी वाजवलं नाही, आणि सातांपैकी एकही चुकलं नाही. मडकी फोडली, सात घरांतली अकरा माणसं नेली. रखमाला नेलं तेव्हा तिचा नवरा दोन हातांवर घसटत विहिरीपर्यंत मागे आला होता.

मला हे दुसऱ्या दिवशी तिथे गेल्यावर समजलं. मी वही घेऊन गेले होते. दारं बंद होती. हौसाक्का एकटी चिंचेखाली बसली होती आणि तिच्या कपाळावर ओली जखम होती. म्हादबाच्या सुनेनं दगड मारला होता. वस्तीनं ठरवून टाकलं होतं. घरं कुणाला ठाऊक होती? हौसाला. दोरी धरून मापं कुणी दिली? हौसानं. मला कुणी काही बोललं नाही. उलट एका बाईनं दार किलकिलं करून मला पाणी दिलं आणि हळूच सांगितलं, हिच्या नादाला लागू नका, ताई, ही पैशापायी कुणालाही विकेल.

हौसाक्कानं मला विचारलं, "पोरी, खरं सांग. तुमच्यातनं कायतरी गेलं का?"

तिचा चांगला डोळा माझ्यावर होता. मला त्या क्षणी सगळं कळलेलं होतं. नकाशाला फीत बांधताना बोटांना झालेला त्या फितीचा स्पर्शसुद्धा आठवत होता. मी म्हणाले, "नाही, आक्का. आमच्याकडून काही नाही गेलं."

ती बरं म्हणाली. तिनं माझ्यावर विश्वास ठेवला.

मी तडक सरांकडे गेले. ते ऐकून खुर्चीत बसले. मग म्हणाले, आपण एकही नाव दिलेलं नाही. हे ते त्या दिवशी चार-पाच वेळा म्हणाले. त्यांनी अधिकाऱ्यांना पत्र लिहिलं; उत्तरादाखल नकाशा परत आला, नीट गुंडाळलेला, सोबत आभाराच्या दोन ओळी. सर मला म्हणाले, आता तिकडे जाऊ नको. आपण खरं सांगितलं तर पुन्हा कुठलीच वस्ती आपल्याशी बोलणार नाही, आणि अहवाल गेला नाही तर दवाखान्याची आशाही जाईल. मला हे पटलं. पटायला किती कमी वेळ लागला, तेच मला आता आठवतं. परीक्षा जवळ आली होती. मी अभ्यासाला लागले.

पुढे शाळेत नोकरी लागली तेव्हा मला भूगोल दिला होता. पहिल्याच महिन्यात एका मुलीनं तिच्या गल्लीचा नकाशा काढून आणला, प्रत्येक दारात कोण राहतं ते लिहून, आणि कौतुकाच्या आशेनं माझ्याकडे बघत राहिली. मी तो तिच्यादेखत फाडला. ती रडली. मुख्याध्यापिकाबाईंनी कारण विचारलं तेव्हा मी भूगोल सोडून दुसरा विषय मागून घेतला. त्या मुलीचा काहीच दोष नव्हता, आणि मी तिची माफी मागितली नाही. माझ्या हातून जे झालं त्यानं मी मऊ झाले असं कुणाला वाटत असेल तर ते तसं नाही.

त्या वर्षी कॉलेजची परीक्षा संपली तेव्हा वैशाख लागला होता. घरात रिकामं बसवेना म्हणून एका दुपारी मी चालत खाणमाळावर गेले. काय करायला, ते मनाशी ठरवलेलं नव्हतं. वस्तीत शिरतानाच थाळी वाजवल्याचा आवाज आला. रखमाच्या झोपडीचं दार बंद होतं. तीन महिन्यांची सजा भोगून ती पंधरा दिवसांपूर्वी परत आली होती, आणि सकाळपासून अडली होती. दारापासून वीस पावलांवर, उन्हात, हौसाक्का उभी होती. ती खूप वाळली होती. गेल्या तीन महिन्यांत वस्तीत दोन बाळंतपणं झाली होती आणि दोन्हीला तिला बोलावलं नव्हतं. विहिरीवर तिनं घागर लावली की बाकीच्या बाया आपल्या घागरी उचलून घ्यायच्या.

आतून रखमाची किंकाळी आली की हौसाक्का कान देऊन ऐकायची आणि ओरडायची, "आडवं आलंय. उताणी ठेवू नगा. कुशीवर घ्या तिला. मला येऊ द्या." आणि तिचा आवाज आला रे आला की आतल्या बाया थाळी बडवायच्या. तिचा शब्द रखमाच्या कानावर पडू नये म्हणून.

मी दार वाजवून हाक मारली. माझा आवाज ओळखून त्यांनी मला आत घेतलं. मला, जिला बाळंतपणातलं काडीइतकं काही ठाऊक नव्हतं. आत धूर होता. रखमाचा चेहरा मातीसारखा झाला होता. तिनं माझा हात असा धरला की हाडं कळवळली. मी म्हणाले, आक्का म्हणतात कुशीवर घ्या. रखमाची सासू म्हणाली, तिचं नाव या घरात घेऊ नका. तेव्हा मी सगळं सांगून टाकलं. तो नकाशा मी काढला. मीच तो अधिकाऱ्याच्या हातात दिला. तिला ह्यातलं काही माहीत नव्हतं, तिला आत येऊ द्या, नाहीतर ही मरेल.

थाळी थांबली. दारातून बाहेर हौसाक्कापर्यंत आवाज जात होता हे मला माहीत होतं.

रखमाची सासू माझ्याकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. माया होती. तिनं पदरानं माझ्या कपाळावरचा घाम पुसला. म्हणाली, "ताई, तुमी चांगल्या घरच्या. त्या भवानीसाठनं असलं पाप आपल्या अंगावर घिऊ नगा. आमास्नी कळतंय की तुमचं मन."

मी पुन्हा सांगितलं. आईची शपथ घेतली. बाया एकमेकींकडे बघून मान हलवत राहिल्या. हौसानंच या पोरीला पढवून आत पाठवलंय, असं एक जण म्हणाली, आणि ते सगळ्यांना पटलं. पुन्हा थाळी सुरू झाली. मी दाराकडे धावले, कडी काढायला गेले, तर दोघींनी मला हळुवार धरून खाली बसवलं. जोर करायची त्यांना गरजही पडली नाही. मी बसले.

मूल गेलं. मुलगी होती. रखमा वाचली, पण पुढे तिला मूल झालं नाही असं मी ऐकलं.

मी बाहेर आले तेव्हा ऊन उतरलं होतं. हौसाक्का अजून तिथेच उभी होती. तिला आतलं काही विचारावं लागलं नाही. रडण्यावरूनच तिनं ओळखलं होतं. तिनं आपले दोन्ही हात पुढे धरून पाहिले, मग पदरात गुंडाळून घेतले. मी जवळ गेले. मला वाटलं ती मारेल. मारावं असंही वाटलं.

ती एवढंच म्हणाली, "म्या तुला इचारलं हुतं."

सरांचा अहवाल छापून आला. चांगला आहे असं सगळे म्हणाले. हात थांबतात का, हा प्रश्न त्यात आहे, आणि तो वस्तीतल्या लोकांनीच सुचवला असा उल्लेखही आहे. सर त्यानंतर मोठ्या शहरात मोठ्या जागेवर गेले. दवाखाना आला नाही. खाणमाळावर मात्र अजून कुणी वही घेऊन गेलं तर लोक चटई टाकतात, असं मला एका जणानं सांगितलं. त्यांचा राग शिकलेल्या माणसांवर कधी नव्हताच.

हौसाक्का त्याच पावसाळ्यात वस्ती सोडून गेली. ती कबनूरला बहिणीकडे राहते, मागांच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरते, असं कळायला मला तीन वर्षं लागली. मी एका रविवारी गेले. इचलकरंजीहून चालत, वाट विचारत. गल्लीत सगळीकडे मागांचा खडखडाट. बोलायचं तर ओरडावं लागे. ती दारात बसून डोक्याला तेल लावत होती. केस पांढरे झाले होते. मी समोर उभी राहिले. तिनं मान वर करून मला पाहिलं, आणि ओळखलं. त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

शेजारच्या घरातली एक तरुण बाई बाहेर आली. तिचे दिवस भरत आले होते. एक हात कमरेवर ठेवून ती अवघडून चालत होती, आणि तिच्या चालण्यावरून पोट खाली सरकलंय हे मलाही दिसत होतं. हौसाक्कानं तिच्याकडे नजर टाकली आणि लगेच काढून घेतली. इथे तिनं आपण सुईण होतो हे कुणालाच सांगितलेलं नव्हतं.

"आक्का, कोन पावणं आल्यात?" त्या बाईनं मोठ्यानं विचारलं.

हौसाक्कानं तेलाची वाटी बाजूला ठेवली, हाताचं तेल पायांना पुसलं आणि उठली.

"वळकीची न्हाय," ती म्हणाली. "घर चुकून आलीया."

आणि तिनं मला वाट दाखवली. बोट लांब करून, नीट, कुठल्या कोपऱ्यावर वळायचं आणि मोटार कुठे थांबते ते सगळं सांगून, परक्या माणसाला दाखवतात तशी.